पियानोवाल्याचा कुलवृत्तांत

बाबा कॅनडातल्या व्हिटबीला आले ते दोन हजार नऊच्या जानेवारीत, म्हणजे शहाण्या माणसाने इथून पळ काढावा अशा महिन्यात. भावाला स्वस्त तिकीट मिळालं होतं. आई जाऊन वर्ष झालं होतं, कोथरूडच्या फ्लॅटमध्ये बाबांनी बोलणं जवळजवळ बंद केलं होतं, म्हणून त्यांची सहा महिन्यांसाठी माझ्याकडे रवानगी झाली. त्यांच्या एका बॅगेत लाडू आणि मेतकूट होतं. दुसरीत, स्वेटरांच्या मधोमध जपून ठेवलेल्या, आमच्या घराण्याच्या कुलवृत्तांताच्या दोन प्रती. विमानतळावर अधिकाऱ्याने बॅगा उघडायला लावल्या, लाडू सोडून दिले आणि कुलवृत्तांत मात्र उलटसुलट करून पाहिला. "एक तुला, एक मला," घरी आल्यावर बाबा म्हणाले.

ज्यांच्या घरी हे प्रकरण नाही त्यांच्यासाठी सांगते. साडेपाचशे पानांचा ठोकळा असतो. सुरुवातीला एक मूळ पुरुष, ज्याच्याबद्दल माहिती एवढीच की तो होता. मग त्याचे मुलगे, त्यांचे मुलगे, असं करत करत आपल्या भावापर्यंत. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर बाबांनी दहा-बारा वर्षं एसटीने गावोगाव हिंडून ही माहिती जमवली होती. पुरुषांना त्यात परिच्छेद मिळतो: शिक्षण, नोकरी, छंद आणि शेवटी स्वभाव. माझ्या भावाच्या नोंदीत 'स्वभाव मनमिळाऊ' असं छापलंय. वहिनीला विचारलं असतं तर छापलं नसतं.

मुलींना एक ओळ. मी पृष्ठ तीनशे बारावर आहे. नाव, नवऱ्याचं नाव, त्याचं गाव, आणि मग 'पुढील माहितीसाठी त्या कुळाचा वृत्तांत पाहावा.' त्या कुळाने वृत्तांत काढलेलाच नाही. माझ्या सासरी सगळे मजेत जगतात, कोण कुणाचा कोण हे लिहून ठेवायला कुणाला सवड नाही. सबब माझी पुढील माहिती कुठेच नाही आणि माझी मुलगी तर जन्मलेलीच नाही. स्वभाव मुलींना नसतो.

पुस्तक निघालं तेव्हा मी यावरून फोनवर कडाकडा भांडले होते. "पद्धत आहे," असं म्हणून बाबांनी फोन आईकडे दिला होता. आता माझ्या वाट्याची प्रत मी लेकीच्या खुर्चीवर ठेवली. लेक तेव्हा आठ वर्षांची, चणीने लहान. पियानो शिकत होती आणि घरच्या कीबोर्डपर्यंत तिचे हात धड पोचत नव्हते. घराण्याच्या नऊ पिढ्या बुडाखाली घेतल्या की बरोबर पोचायचे. बाबांनी ते पाहिलं आणि नातीकडे बघून तिची खुर्ची कीबोर्डजवळ सरकवली.

पियानो शिकवायच्या आमच्या समोरच्या बाई. ऐंशीला टेकलेल्या, सडसडीत, घराणं पोलिश पण जन्म कॅनडातलाच. नवरा केव्हाच वारला होता, मूलबाळ नव्हतं. मुलांच्या मनगटावर पेन्सिल ठेवायच्या आणि वाजवताना ती पडली की शांतपणे "अगेन" म्हणायच्या. दर बुधवारी लेकीला रस्ता ओलांडून नेण्या-आणण्याचं काम मी बाबांना दिलं. एक तर ते खिडकीत बसून शेजाऱ्यांच्या गाड्या मोजायला लागले होते, दुसरं म्हणजे ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करायला हौसेने गेले होते ते कंबर धरून परत आले होते.

पहिल्याच बुधवारी त्यांनी बाईंच्या भिंतीवरचा फोटो पाहिला. केसाळ कॉलरचा कोट, गालापर्यंत गेलेल्या मिशा, आणि आपण फार मोठे आहोत अशी स्वतःची पक्की खात्री.

"मॅडम, हू इज धिस जंटलमन?"

"माझे पणजोबा," बाई म्हणाल्या. "ते पियानो वाजवायचे आणि घरातून पळून जायचे. दोन्ही व्यवसाय म्हणून."

बाबा त्या दिवशी घरी आले ते बूट न काढता थेट स्वयंपाकघरात. वर्षभरात मी त्यांना इतकं बोलताना ऐकलं नव्हतं. "अगं, एवढा मोठा कलावंत माणूस आणि त्याचा वृत्तांत नाही! काही म्हणजे काहीच लिहिलेलं नाही!" मला बरं वाटलं, हे खरं आहे. पण हा माणूस आता परदेशातल्या मूळ पुरुषांच्याही मागे लागणार, या विचाराने कपाळावर हातही मारला.

पुढच्या बुधवारी मी दुभाषी म्हणून बरोबर गेले. बाई चहा ओतत म्हणाल्या, त्यांनाही ते लिहून व्हायला हवंच होतं. पियानोवाल्याला चार मुलगे आणि एक मुलगी. मुलग्यांचे वंशज विनिपेगला असतात. त्यांच्या बैठकीत फ्रेम करून वंशवृक्ष टांगलेला आहे, त्यावर चार मुलगे आहेत, मुलगी नाही. आणि ती मुलगी म्हणजे बाईंची आजी. "ती नुसती बापाबरोबर गेली होती, असं म्हणतात ते लोक," बाई म्हणाल्या. "जूनमध्ये मी ऐंशीची होईन. तेव्हा ते सगळे इथे येणार आहेत. जुलैत हे घर सोडून मी सीनियर्स होममध्ये जातेय. त्याआधी एकदा मला माझी आजी त्याच्या मुलांमध्ये छापलेली बघायची आहे. मी त्याच्यापासून आलेय हे त्या लोकांनी वाचावं. माझ्यामागे सांगायला कुणी नाही."

"डोंट वरी, मॅडम," बाबांनी छातीवर हात ठेवला. "आय ॲम हॅविंग एक्स्पिरियन्स."

मग जानेवारी ते मे, दर बुधवारी, नात आत स्केल वाजवत असताना बाबा बाहेरच्या खोलीतल्या टेबलावर छापील तक्ता भरत बसले. तक्ता आमच्याच कुलवृत्तांताचा. माझ्याकडून इंग्रजीत करून घेतला होता आणि माझ्या विनवण्यांना न जुमानता त्यात गोत्राचा रकानाही ठेवला होता. तो रकाना बघून बाई गोंधळतील असं मला वाटलं होतं. उलट त्यांनी समजावून सांगितलं की पोलंडच्या जुन्या घराण्यांना एकेक चिन्ह असतं, आणि एकच चिन्ह पुष्कळ वेगवेगळ्या आडनावांना चालतं. त्यांच्या पणजोबांचं चिन्ह घोड्याची नाल. "म्हणजे गोत्रच की!" बाबा माझ्याकडे वळून ओरडले. कुलस्वामिनीच्या रकान्यात त्यांनी काळ्या मेरीमातेचं नाव घातलं, कारण बाईंच्या जिन्यात तिची तसबीर होती. "आपल्याकडेही देवी काळीच," ते म्हणाले. बाईंनी मान डोलावली. त्या वयात बहुतेक माणूस वाद घालत नाही.

पियानोवाल्याची हकीकत बाईंनी लहानपणी आजीकडून ऐकलेली. क्राकोजवळच्या एका गावात त्याचं घर होतं. वर्षातून एकदा तो तिथे यायचा, नवा कोट शिवून घ्यायचा, बायकोच्या पदरात एक मूल टाकायचा आणि व्हिएन्नाचं बोलावणं आलंय म्हणून निघायचा. व्हिएन्नाचं बोलावणं त्याला उभ्या जन्मात आलं नाही. तो वाजवायचा ते पोटदुखीचे श्रीमंत लोक औषधी झऱ्याचं पाणी प्यायला जमत त्या गावांत, ओडेसाला धान्याच्या व्यापाऱ्यांपुढे, बुखारेस्टला एका लग्नात सलग दोन दिवस. स्वतःचा पियानो घोडागाडीवर लादून न्यायचा. पाऊस आला की ताडपत्री पियानोला. पोलंड नावाचा देश तेव्हा नकाशावर नव्हताच, तीन शेजाऱ्यांनी वाटून खाल्ला होता. त्यामुळे या भटकण्याला तो देशभक्ती म्हणायचा. बायको दुसरं काहीतरी म्हणायची.

मुलगी नऊ वर्षांची झाली तेव्हा बायकोने तिला उचलून गाडीवर पियानोशेजारी बसवलं. निदान हिला परत आणून सोडायला तरी हा येईल, असा तिचा होरा. तो सहा वर्षं आला नाही. पोरगी तिकिटं फाडायची, वाजवताना पानं उलटायची आणि मुक्कामाला पोचलं की पियानोच्या तारा सुरात लावायची. तारा पिळायची लोखंडी किल्ली तिच्या गळ्यात असायची. पुढे त्याची बोटं आखडली. मग तो स्टेजवर मधोमध बसून मिशा हलवायचा आणि बाजूला बसून खरं वाजवायची ती. जाहिरातीत नाव त्याचंच. शेवटी एका स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये, गाडी चुकली म्हणून भडकून, तो गेला. चारही मुलगे लांब होते. जवळ तीच होती. तिने पुढे पियानोचा मोडका पाय दुरुस्त करणाऱ्या सुताराशी लग्न केलं आणि दोघं कॅनडाला आली. पियानो आला नाही, किल्ली आली.

ती किल्ली बाईंनी बाबांच्या हातात दिली. बाबांनी ती दोन्ही हातांनी घेतली. 'स्वभाव' या रकान्यात पियानोवाल्यासाठी काय लिहू, असं त्यांनी विचारलं तेव्हा बाई म्हणाल्या, "इम्पॉसिबल." बाबांनी विचार करून 'स्वच्छंदी' लिहिलं. सरकारी नोकरीतून आलेली माणसं पुरुषांना सांभाळून घेतात.

हकीकतीचा भाग मी टाइप केला. मनापासून केला, मला तो बदमाश आवडायला लागला होता. वंशावळीचे तक्ते बाबांनी माझ्या नवऱ्याला बेसमेंटमध्ये बसवून त्याच्याकडून करून घेतले, विनिपेगला माझ्या ईमेलवरून पत्रं पाठवून एकेका मुलाची माहिती मागवली. ती पानं मी वाचली नाहीत. तसल्या पानांचा मला राग होता आणि त्या रागात मी शहाणपणाने दूर राहिले. माझी चूक तिथे झाली.

जूनमधल्या एका शनिवारी बाईंच्या मागच्या अंगणात पंचवीसेक माणसं जमली. बटाट्याचं सारण भरलेल्या उकडलेल्या करंज्या होत्या, त्यांना पिरोगी म्हणतात, बाबांनी त्या सात खाल्ल्या. मी श्रीखंड नेलं होतं, ते लोकांनी केकवर फासून खाल्लं. विनिपेगचे तीन भाऊ सत्तरीपुढचे होते आणि तिघांना फोटोतल्या मिशा होत्या. बाबांनी सूट घातला होता. त्यांनी पुस्तकाला आधी हळदकुंकू वाहिलं आणि मग पहिली प्रत बाईंना दिली.

बाईंनी चष्मा लावला. हकीकत त्यांनी ओलांडली, ती त्यांना पाठ होती. त्या थेट वंशावळीवर गेल्या. चार मुलगे होते, प्रत्येकाला पान होतं, त्यांची मुलं, नातवंडं, पणतवंडं, विनिपेगच्या तिघांच्या नोकऱ्या आणि आइस हॉकीचे पराक्रम. मग त्या एका ठिकाणी थांबल्या आणि मोठ्याने वाचायला लागल्या. इंग्रजीत होतं, पण मला ते मराठीतच ऐकू आलं. "कन्या एक. विवाह सुतारकाम करणाऱ्या गृहस्थाशी. पुढील माहितीसाठी त्या कुळाचा वृत्तांत पाहावा."



बाईंनी पान उलटलं. पुढे कोरं होतं. मग पहिल्या पानावर गेल्या. तिथे ऋणनिर्देशात त्या होत्या: 'बहुमोल माहिती व चहा दिल्याबद्दल.' त्यांनी वर बाबांकडे पाहिलं; एव्हाना त्या बाबांना प्रोफेसर म्हणायला लागल्या होत्या. "प्रोफेसर, हे सुताराचं पुस्तक कुठे मिळेल?"

"ते... ते त्या कुळाने काढायचं असतं, मॅडम."

"ते कूळ मीच आहे," बाई म्हणाल्या. "मी एकटीच उरलेय."

थोरल्या मिशावाल्याने बाबांच्या पाठीवर थाप मारली. "ॲट लास्ट, अ मॅन हू नोज हाउ इट्स डन!" तो हसला, धाकटे दोघेही हसले. बाईंनी पुस्तक मिटून खुर्चीवर ठेवलं आणि खसखशीचा केक कापायला घेतला. बाबांना त्यांनी मोठा तुकडा दिला. "तुम्ही सगळी नावं अगदी बरोबर लिहिलीत," त्या म्हणाल्या. इतकी सभ्य थोबाडीत मी आजवर पाहिलेली नाही.

रस्ता ओलांडून आम्ही घरी आलो. दार लागलं आणि मी फुटले.

"बाबा, पाच महिने तुम्ही त्या बाईच्या घरचा चहा ढोसलात आणि तिच्याच पुस्तकात ती नाही! ज्यांनी बापाला हिंग लावून विचारलं नाही त्यांच्या आइस हॉकीची नोंद, आणि जी त्याच्या उशाशी होती तिला एक ओळ?"

"अगं, पद्धत..."

"खड्ड्यात घाला पद्धत! मलाही तीच ओळ आहे. कधी उघडून बघितलीत का? तीनशे बारा. मी कुणाच्या कुळात बघू मला?"

नवरा मध्ये "जाऊ दे, ही मेंट वेल" असं काहीसं म्हणाला, त्यालाही दोन शब्द मिळाले. लेक जिन्यात उभी होती. "इज आजोबा इन ट्रबल?" तिने विचारलं. बाबा सूट न काढता बेसमेंटमध्ये निघून गेले.

दोन दिवस ते फक्त दहीभात खायला वर आले. मला वाईट वाटत होतं आणि माघार घ्यायची मुळीच इच्छा नव्हती. तिसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप पुढे ओढत त्यांनी विचारलं, "इथे डिंक कुठे मिळतो?"

"डिंक कशाला?"

"शुद्धिपत्र चिकटवायचंय."

आमच्या कुलवृत्तांतालाही चार पानांचं शुद्धिपत्र आहे आणि बाबांना मूळ पुस्तकापेक्षा त्याचा अभिमान जास्त. चूक छापली तर ती लपवायची नाही, पृष्ठ आणि ओळ सांगून सुधारायची, हा त्यांचा खात्यापासूनचा बाणा. माझे बाबा आयुष्यात कुणाला सॉरी म्हणालेले नाहीत. ते शुद्धिपत्र काढतात.

त्या दिवशी बुधवार नव्हता, तरी कोरा तक्ता काखोटीला मारून ते समोर गेले. आधी दारातच उभे राहिले, हे मी खिडकीतून पाहिलं. बाईंनी त्यांना बराच वेळ उभं ठेवलं, तेही पाहिलं. मग आत घेतलं. शाळा सुटल्यावर मी लेकीला घेऊन गेले तेव्हा बाबा बाईंना त्यांची जन्मतारीख विचारत होते. पाच महिन्यांत पहिल्यांदा. सुताराचं गाव, आजीची मुलं, बाईंचे आईवडील, नवरा, सगळं भरून झालं आणि अपत्यांच्या रकान्याशी बाबांचं पेन अडलं. तिथे कुलवृत्तांतात 'नि. सं.' लिहायची चाल आहे, निःसंतान. त्यांनी 'नि' लिहिला. मग तो खोडला. "मॅडम, तुमच्याकडे शिकलेल्या मुलांची यादी आहे का?"

बाईंकडे पन्नास वर्षांच्या वह्या होत्या. सुरुवातीची मुलं आता आजीआजोबा झालेली. ते शुद्धिपत्र चिठ्ठीएवढं व्हायचं ते अकरा पानांचं झालं, आणि त्यातली दहा पानं नुसती नावं. शेवटचं नाव माझ्या लेकीचं. त्यापुढे माझं नाव होतं, 'हिची मुलगी' म्हणून. म्हणजे आम्ही मायलेकी आमच्या घराण्याच्या आधी एका पोलिश भटक्याच्या घराण्यात छापल्या गेलो. बाई आणि बाबा जेवणाच्या टेबलावर समोरासमोर बसून प्रतींना डिंक लावत होते. बाईंची बोटं बाबांपेक्षा पुष्कळच चपळ होती. कडा वाकडी चिकटली की त्या म्हणायच्या, "अगेन." विनिपेगच्या प्रती निघून गेल्या होत्या, म्हणून तिकडे तीन शुद्धिपत्रं टपालाने गेली, प्रत्येकाबरोबर डिंकाची एकेक कांडी. थोरल्याचा फोन आला होता म्हणे. काय बोलला ते बाईंनी सांगितलं नाही, पण त्या दिवशी त्या स्वतःच पियानोवर बसून बराच वेळ काहीतरी धडाकेबाज वाजवत होत्या.

जुलैत बाबा परत गेले. विमानतळावर त्यांनी नातीला लाडाने चापट मारली, मला "जपून चालवत जा, विंटर टायर वेळेवर बदल" म्हणाले आणि आत गेले. आमच्या भांडणाचा विषय निघाला नाही. मला वाटलं होतं निघेल. महिन्याअखेर बाई सीनियर्स होममध्ये गेल्या, त्यांचा पियानो चर्चला गेला. तिथल्या लॉबीत एक जुनापुराणा पियानो होता. बाईंनी पहिल्याच आठवड्यात आपल्या किल्लीने तो सुरात लावला आणि लेकीला बुधवारी यायला सांगितलं.

नोव्हेंबरात पुण्याहून पाकीट आलं. आत बाबांचं पत्र, चार ओळींचं. कुलवृत्तांत समितीपुढे विषय ठेवला होता, समितीने नकार दिला, दोन सभासद बैठकीतून उठून गेले. सबब स्वतःच्या जबाबदारीवर छापून प्रतधारकांना टपालाने पाठवत आहे. डिंक आपापला वापरावा. सोबत दोन बोटं रुंद कागदाची पट्टी होती.

'पृष्ठ ३१२, ओळ ९. "पुढील माहितीसाठी त्या कुळाचा वृत्तांत पाहावा" हे शब्द रद्द. त्याजागी वाचावे: इंजिनिअर. वास्तव्य व्हिटबी, कॅनडा. आईच्या आजारपणात चार महिने पुण्यास येऊन राहिली. कन्या एक, पियानो वाजवते, तिची पुढील माहिती येथेच देत जावी. स्वभाव तापट. कारण रास्त.'

मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले, चांगली मोठ्याने. मग बाहेर येऊन लेकीच्या खालून कुलवृत्तांत ओढला.

"आई! आय वॉज इन द मिडल ऑफ इट!"

"उभ्याने वाजव," मी म्हटलं आणि तीनशे बारावं पान काढलं. पट्टी जरा तिरकी चिकटली. ती वाळेपर्यंत पान हाताने दाबून धरलं, मग पुस्तक मिटून परत खुर्चीवर ठेवलं आणि लेकीला म्हटलं, आता बस.